नववीच्या वर्गात मायल क्रीक शिकवावं का?

तुंगाबीकर

आमच्या इथल्या, सिडनीतल्या मराठी पालकांच्या गटात परवा या विषयावरून आवाज चढले. शाळेतून पत्र आलं होतं: नववीच्या इतिहासात १८३८ चं मायल क्रीक हत्याकांड शिकवणार आहोत, खटल्यातल्या साक्षी वाचायला देणार आहोत, कुणाची हरकत असेल तर कळवा. तीन-चार जणांनी हरकत घ्यायचं ठरवलं. मी घेतली नाही. त्या दिवशी मला माझं म्हणणं धड मांडता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात हकिगत. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेला, सिडनीहून गाडीनं दिवसभराच्या अंतरावर, हेन्री डेंजर नावाच्या जमीनदाराची गुरं राखायची जागा होती. तिथे विरायराय या आदिवासी लोकांचा एक जथा काही आठवडे मुक्कामाला होता. तिथल्याच किलमाइस्टर नावाच्या गुराख्यानं त्यांना बोलावलं होतं. १० जून १८३८ च्या संध्याकाळी अकरा घोडेस्वार आले. तरुण पुरुष झाडाची साल काढायला शेजारच्या जागेवर गेले होते. मागे राहिल्या होत्या बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. त्यांना एका लांब दोरीनं बांधून टेकाडापलीकडे नेलं. जॉर्ज अँडरसन हा तिथला झोपडी सांभाळणारा कैदी. त्यानं पुढे कोर्टात सांगितलं की आपल्याला दोनच बार ऐकू आले. बाकीचं काम तलवारींनी झालं. निदान २८ माणसं मारली गेली. बोलावणारा किलमाइस्टरही मारणाऱ्यांत सामील झाला.

विल्यम हॉब्स हा तिथला देखरेख्या बाहेरगावी होता. परत आल्यावर त्यानं ती जागा पाहिली आणि सरकारला कळवलं. अकरा जणांवर खटला भरला. पहिल्या ज्यूरीनं वीस मिनिटांच्या आत सगळ्यांना निर्दोष सोडलं. त्या खटल्यातली मोठी अडचण ही होती की सापडलेला देह ‘डॅडी’ नावाच्या म्हाताऱ्याचाच आहे हे सिद्ध झालं नाही. सरकारी वकील जॉन प्लंकेट यांनी एका लहान मुलाच्या खुनाबद्दल पुन्हा खटला उभा केला. या वेळी सात जण दोषी ठरले आणि १८ डिसेंबरला फासावर गेले. तुरुंगात त्यांनी सांगितलं की काळ्यांना मारणं हा गुन्हा असतो हे आम्हाला ठाऊकच नव्हतं, हे तर सर्रास चालत आलं होतं. गव्हर्नर गिप्स यांनी ते लंडनला लिहून कळवलं. बाराव्याचं नाव जॉन फ्लेमिंग. तो एकटाच कैदी म्हणून न आलेला, जन्मानं मोकळा आणि बऱ्या घरचा होता. तो कधीच पकडला गेला नाही, आणि पुढे चर्चच्या कारभारात मान मिळवून जगला.

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. फाशी म्हणजे काय, साक्ष म्हणजे काय, ज्यूरी म्हणजे काय हे तिला कळतं. शाळेच्या सभेत ती दर आठवड्याला ‘या भूमीच्या पारंपरिक रक्षणकर्त्यांना’, म्हणजे इथल्या आदिवासींना, आदर वाहते. पण ही भूमी त्यांच्या हातून कशी गेली, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. आम्ही राहतो त्या तुंगाबीवर पेमुलवुई या आदिवासी योद्ध्यानं १७९७ मध्ये हल्ला केला होता. १८०२ मध्ये त्याला गोळी घातली आणि त्याचं शिर इंग्लंडला पाठवलं. शेजारी पेमुलवुई नावाचं नवं उपनगर झालंय. तिथे आपल्या ओळखीची कितीतरी कुटुंबं राहतात. घराचा पत्ता लिहिताना रोज ते नाव लिहितात.

नववीतल्या मुलांना हे पुराव्यांसकट शिकवावं आणि आपल्या मुलांना त्यातून सूट मागू नये, असं माझं मत आहे. ज्यांचं वेगळं मत आहे त्यांनी लिहावं. मला ऐकायचं आहे.

---

वेंटीचा_बाबा

तुंगाबीकर, त्या दिवशी आवाज चढवणाऱ्यांत मी होतो. तुम्ही शांतपणे लिहिलंत, मीही तसाच प्रयत्न करतो.

माझा मुलगा पाचवीत आहे, दहा वर्षांचा. गेल्या सत्रात वर्गात वसाहतीचा काळ झाला. बाईंनी काय आणि कसं सांगितलं ते मला माहीत नाही. त्या रात्री तो आमच्या खोलीत येऊन झोपला. त्यानं मला विचारलं, “बाबा, आपलं घर कुणाला मारून घेतलंय का?” आम्ही हे घर बारा वर्षं पै-पै साठवून घेतलंय. मी त्याला काय सांगायला हवं होतं?

माझं म्हणणं चुकीचं वाटलं तर सांगा. आम्ही इथे आलो तेव्हा मनात होतं की मुलाला एक देश मिळावा जो तो बिनशर्त आपला म्हणेल. आमचं अर्धं मन कायम सांगलीत असतं, त्याचं तसं होऊ नये. आणि हा देश त्याला पहिली ओळख कशाची करून देतो, तर रक्ताची. जे त्यानं केलं नाही, त्याच्या बापानं केलं नाही, आजोबा-पणजोबांनी केलं नाही. आमचे पणजोबा तर त्याच इंग्रजाच्या राज्यात शेतसारा भरून कंगाल झाले होते. ही अपराधाची गाठ माझ्या पोराच्या गळ्यात का?

---

फळा_खडू

मी पश्चिम सिडनीत सरकारी हायस्कूलमध्ये इतिहास शिकवते, म्हणून राहवलं नाही.

बाबा, तुमच्या मुलाला त्या रात्री भीती वाटली यात त्याचा दोष नाही, तुमचाही नाही. दहा वर्षांच्या मुलांना हत्याकांडाचे तपशील देऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. पाचवीत जमीन कुणाची होती, कोण आलं, कुणाचं पाणी आणि शिकार तुटली, एवढं पुरे. पण तुमचं उदाहरण पाचवीचं आहे आणि हरकत नववीच्या धड्यावर घेतली जातेय. या दोन गोष्टी एकत्र करू नका.

आता तुंगाबीकरांशीही माझा मतभेद आहे, तो सांगते. तुम्ही म्हणता, मायल क्रीक शिकवा. मी शिकवते. पण वर्षाची सुरुवात मी कधीही त्यानं करत नाही. पहिल्या वर्षी केली होती. वर्गात दोन कूरी, म्हणजे इथल्या आदिवासी घरातली, मुलं होती. मी “आदिवासींना मारलं” म्हटलं आणि सव्वीस माना वळून त्या दोघांकडे बघायला लागल्या. त्यातला एक पुढचे तीन दिवस शाळेत आला नाही. त्याच्या आजीनं शाळेत येऊन मला जे सांगितलं ते अजून कानात आहे. ती म्हणाली, आमची माणसं तुमच्या वर्गात आली ती मेलेलीच आली.

तेव्हापासून आधी सहा आठवडे आम्ही माणसं जिवंत असतानाचं शिकतो. माशांसाठी नदीत दगड रचून केलेले ब्रेवारिनाचे बांध, गवताळ रानाला ठरावीक वेळी आग लावून ते राखण्याची पद्धत, कोणत्या भाषेची हद्द कुठे होती. मग पेमुलवुई, पण लढणारा म्हणून. त्यानंतर मायल क्रीक. तोवर वर्गाला कळलेलं असतं की मरणारे कोण होते.

आणि मी मुलांना कधीही ‘तुम्ही त्या जागी असता तर’ असं नाटक करायला लावत नाही. मी साक्षी वाचायला देते. मुलांना सगळ्यात जास्त काय अस्वस्थ करतं सांगू? रक्त नाही. डेव्ही नावाचा एक आदिवासी गुराखी होता, त्याला बरंच ठाऊक होतं. पण त्याची साक्ष कोर्टात चालू शकत नव्हती, कारण आदिवासी माणूस बायबलवर शपथ घेऊ शकत नाही असा कायद्याचा अर्थ लावला जात होता. त्यामुळे उरलेले चार आरोपी सुटले. चौदा वर्षांच्या मुलांना अन्याय इतका लख्ख कळतो की मला वेगळं काही सांगावं लागत नाही.

---

सरळरेघ

बाईंचं शिकवणं प्रामाणिक असेल. सगळ्यांचं तसं नसतं. माझी हरकत तिथे आहे.

इथे इतिहासाचा आखाडा झालाय आणि आपण सगळ्यांनी तो बघितलाय. १९९३ मध्ये इतिहासकार जेफ्री ब्लेनी यांनी ‘काळ्या फितीचा इतिहास’, म्हणजे देशाच्या भूतकाळाचा नुसता शोक करणारा इतिहास, हा शब्द काढला, पुढे पंतप्रधान झालेल्या हॉवर्ड यांनी तो उचलला. २००२ मध्ये कीथ विंडशटल यांनी टास्मानियातल्या हत्यांचे आकडे आणि त्यामागच्या तळटिपा तपासून आक्षेप घेतले. मग दोन्ही बाजूंनी पुस्तकं निघाली. जिथे विद्वानांचं एकमत नाही, तिथे नववीच्या मुलाला एकच बाजू ठाम सत्य म्हणून का द्यायची? ऑक्टोबर २०२३ च्या आदिवासींविषयीच्या सार्वमतात साठ टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटलं. हा देश अजून या प्रश्नावर दुभंगलेला आहे. शाळेनं त्यात पडू नये.

दुसरं. गोरेही मारले गेले. क्वीन्सलँडमध्ये १८५७ मध्ये हॉर्नेट बँकवर अकरा, १८६१ मध्ये कलिन-ला-रिंगोवर एकोणीस. त्यातही बायका-मुलं होती. ती पत्रात का नाहीत?

---

तुंगाबीकर

सरळरेघ, आधी दुसऱ्या मुद्द्याचं. हॉर्नेट बँक आणि कलिन-ला-रिंगो शिकवायलाच हवं, मी तुमच्या बाजूनं लिहून देतो. फक्त शिकवताना तिथेच थांबता येणार नाही. दोन्ही ठिकाणी त्यानंतर महिनोन्‌महिने सूड घेतला गेला, आणि त्यात किती तरी पट आदिवासी मेले. ते पान वाचून पुढचं पान फाडायचं, असं नको.

विंडशटल यांच्याबद्दल. त्यांनी ज्यांच्या तळटिपांवर बोट ठेवलं त्यांत इतिहासकार लिंडल रायन होत्या. या बाईंनी पुढे काय केलं? न्यूकॅसल विद्यापीठात बसून सगळ्या ऑस्ट्रेलियाचा हत्याकांडांचा नकाशा तयार करायला घेतला. २०१७ मध्ये पहिला भाग खुला झाला. सहा किंवा जास्त निःशस्त्र माणसं एका वेळी मारली गेली असतील तरच नोंद. प्रत्येक नोंदीला पुरावा किती भक्कम आहे ते सांगणारे तारे. चारशेहून जास्त जागा, दहा हजारांहून जास्त आदिवासी मृत. गोरे मारले गेले त्या घटनाही त्यात आहेत. आक्षेपाला याहून चांगलं उत्तर मी तरी पाहिलेलं नाही. २०२४ मध्ये त्या गेल्या.

आणि सार्वमत कशावर होतं? संसदेला सल्ला देणारं मंडळ घटनेत घालावं का, यावर. १८३८ मध्ये काय झालं यावर मतदान झालेलं नाही.

मायल क्रीक मी मुद्दाम निवडलं, कारण त्यात वाद नाही. कोर्टाचं दप्तर आहे. एवढंच कशाला, त्या वेळी आरोपींची बाजू घेऊन आदिवासींविरुद्ध विखारी लिहिणाऱ्या सिडनी हेरल्डनं, म्हणजे आजच्या सिडनी मॉर्निंग हेरल्डनं, जून २०२३ मध्ये त्या लिखाणाबद्दल माफी मागितली.

---

खानदेशी

मी धुळ्याचा, ऑस्ट्रेलियाशी काही संबंध नाही. वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली ती मांडतो.

क्वीन्सलँडमध्ये ‘नेटिव्ह पोलीस’ नावाचं दल होतं, असं वाचलंय. १८४८ मध्ये फ्रेडरिक वॉकरनं मरमबिजी नदीकडची आदिवासी पोरं भरती केली, गणवेश-बंदूक दिली आणि शेकडो मैल उत्तरेला परक्या मुलखात नेऊन तिथल्या आदिवासींवर सोडली. आमच्याकडे १८२५ मध्ये जेम्स औट्रमनं भिल्लांनाच भरती करून खानदेश भिल्ल कोअर उभी केली, भिल्लांची बंडं मोडायला. दोन्हीत फरक मोठा आहे, तो लपवायचा नाही. इथे भिल्लांना माफी, पगार, जमीन देऊन वश करण्यावर भर होता, आणि ते आपल्याच मुलखात राहिले. तिकडच्या दलाचं कामच माणसं मारून रान मोकळं करणं हे झालं होतं. पण लंडनहून बघणाऱ्याची नजर तीच होती.

वेंटीच्या बाबांना एक विनंती. ‘आमचाही इंग्रजांनी छळ केला’ हे खरं आहे, पण त्यामुळे हा धडा आपल्या मुलांना परका होत नाही, उलट जवळचा होतो. लॅकलन मॅक्वारी हे नाव तुमच्या सिडनीत पावलोपावली आहे ना? तो गव्हर्नर होण्याआधी मुंबईत इंग्रज फौजेत होता. १७९३ मध्ये त्याचं लग्न मुंबईत झालं. १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा तो तिथे होता. त्याच माणसानं १८१६ मध्ये तिकडे सैनिक पाठवले, मारलेल्या पुरुषांची प्रेतं झाडांना टांगा म्हणजे बाकीच्यांना दहशत बसेल असं लेखी सांगून. अ‍ॅपिनला त्या एप्रिलमध्ये निदान चौदा जण मेले, काही कड्यावरून पडून.

---

सरळरेघ

खानदेशी, मॅक्वारीचं मुंबईतलं मला माहीत नव्हतं.

पण मग एक सरळ प्रश्न. आपल्याकडे चिरनेरचा जंगल सत्याग्रह झाला, २५ सप्टेंबर १९३०. नाग्या कातकरी पोलिसांच्या गोळीनं गेला. किती मराठी मुलांना हे नाव ठाऊक आहे? गुन्हेगार जमातींचा १८७१ चा कायदा, त्यानं किती पिढ्या नासवल्या? आपल्या आदिवासींचं, आपल्या भटक्यांचं आपण पोरांना शिकवत नाही, आणि इथल्या आदिवासींबद्दल मात्र आपला कळवळा उतू जातो. हे मला खटकतं.

---

फळा_खडू

खटकायलाच हवं, आणि त्याचा उपाय नाग्या कातकरीही शिकवणं हाच आहे ना? मी माझ्या मुलींना घरी शिकवलंय. एक शिकवत नाही म्हणून दुसरंही नको, हा हिशोब मला पटत नाही.

---

अ‍ॅलिसवाली

मी नर्स आहे, आठ वर्षं अ‍ॅलिस स्प्रिंग्जला काढली. तुम्ही सगळे १८३८ बद्दल बोलताय, जणू ते फार लांबचं आहे. मी १९२८ बद्दल सांगते.

अ‍ॅलिसच्या वायव्येला कॉनिस्टन म्हणून जागा आहे. तिथे फ्रेड ब्रुक्स नावाचा डिंगो पकडणारा गोरा मारला गेला. त्यावर कॉन्स्टेबल जॉर्ज मरे आणि त्याच्याबरोबरची माणसं ऑगस्ट ते ऑक्टोबर घोड्यांवरून फिरत राहिली आणि दिसेल त्या छावणीवर गोळ्या घातल्या. वार्लपिरी, अन्मात्येर, कायतेत्ये लोक. सरकारी चौकशीनं ३१ मृत मोजले आणि सगळे स्वसंरक्षणात मारले गेले असं ठरवलं. त्यांचे लोक आकडा त्याहून खूप मोठा सांगतात. मरेला काही झालं नाही. २०१८ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीच्या पोलीस आयुक्तांनी तिथे जाऊन माफी मागितली.

माझ्या वॉर्डात डायलिसिसला येणाऱ्या एक आजी होत्या. पोलिसाचा गणवेश दारात दिसला की त्या चादर डोक्यावर ओढायच्या. मला वाटायचं, काही मानसिक त्रास असेल. कागदावर तसं लिहिणारही होते. त्यांच्या भाचीनं मला बाजूला घेऊन सांगितलं की हिच्या आईनं त्या वर्षी लहान मूल कडेवर घेऊन खडकांच्या कपारीत दोन रात्री काढल्या होत्या. मी पुण्यात शिकले, इथे परीक्षा दिल्या, नोंदणी केली, आणि मला कुणी कॉनिस्टनचं नावही सांगितलं नव्हतं. मी त्या बाईंना चुकीचं औषध सुरू करण्याच्या बेतात होते.

तुमची मुलं इथे डॉक्टर होतील, वकील होतील, पोलीस होतील. त्यांच्यासमोर ही माणसं येणार आहेत.

---

वेंटीचा_बाबा

ताई, तुमचं दोनदा वाचलं.

मी माझं म्हणणं सगळं सोडत नाही. दहाव्या वर्षी नको, यावर मी ठाम आहे आणि बाईंनीही तेच म्हटलंय. आणि शाळेनं धडा झाल्यावर मुलं घरी कशी जातात हे बघायला हवं. संध्याकाळी साडेतीनला घंटा झाली की त्यांची जबाबदारी संपत नाही. मला आधी एक ओळ जरी आली असती तरी त्या रात्री मी तयार असतो.

पण अपराधाच्या गाठीबद्दल मी जरा घाईनं लिहिलं. काल मी मुलाला विचारलं, त्या दिवशी बाईंनी नक्की काय सांगितलं होतं? तो म्हणाला, बाईंनी ब्लॅकटाउन हे नाव कसं पडलं ते सांगितलं. मॅक्वारीनं आदिवासी मुलांसाठी पॅरामॅटात शाळा काढली होती, ती १८२३ मध्ये तिकडे हलवली, आणि त्या वस्तीला लोक ‘ब्लॅक टाउन’ म्हणू लागले. मुलांना आईबापांपासून वेगळं ठेवायचे, हे त्यानं ऐकलं. त्याला झोप लागेना ती यामुळे. त्याला वाटलं होतं की त्यालाही कुणीतरी घेऊन जाईल. घर कुणाला मारून घेतलंय का हा प्रश्न त्यानं नंतर विचारला होता, मी तेवढाच लक्षात ठेवला.

म्हणजे तो स्वतःला त्या मुलांच्या जागी बघत होता. मी समजत होतो की त्याला मारणाऱ्यांच्या रांगेत उभं केलंय.

---

फळा_खडू

बाबा, बहुतेक मुलं हेच करतात. पालकांना ते उशिरा कळतं. त्याला एक सांगा: ती ब्लॅकटाउनची जागा २०१८ मध्ये तिथल्या मूळ धारुग लोकांना परत मिळाली. त्याच्या वयाला हे शेवटचं वाक्य मिळणं फार गरजेचं असतं. त्याच्या बाईंकडून ते राहून गेलं असावं.

---

सरळरेघ

मी शाळेला पत्र पाठवतोय. धडा नको असं त्यात लिहिलेलं नाही, तेवढं माझं मत इथे वाचून बदललं. तीन मागण्या केल्यात. हॉर्नेट बँक आणि कलिन-ला-रिंगो, त्यानंतरच्या सूडासकट, त्याच धड्यात यावं. आकडा दिला की त्यामागे पुरावा किती भक्कम आहे तेही सांगावं, त्या नकाशात तारे आहेत तसं. आणि शिक्षकांनी सार्वमतावरचं आपलं मत वर्गाबाहेर ठेवावं. यातलं तिसरं कुणाला पटणार नाही हे मला ठाऊक आहे, तरी ते राहील.

---

तुंगाबीकर

पहिल्या दोन मागण्यांखाली माझं नाव घाला. तिसऱ्यावर आपण भांडू.

जूनच्या लाँग वीकेंडला मायल क्रीकला दरवर्षी स्मरणाचा कार्यक्रम असतो. २००० मध्ये तिथे शिळा उभारली तेव्हा मारलेल्यांचे आणि मारणाऱ्यांचे, दोघांचेही वंशज हजर होते. मुलगी आणि मी जाणार आहोत. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत, बिंगाराला मुक्काम. सरळरेघ, तुम्ही याल का?

---

सरळरेघ

तारीख कळवा.